माझ्या काट्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, घाटंजीची. कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. आता कुणी पिवळी म्हटलं तरी मी वाद घालत नाही. आधी वणीला एका डॉक्टरांकडे होते. ते थकले तेव्हा राजदीपने मला आणलं. आमच्या गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती, त्यामुळे नवरी, बाळंतीण, पाय मोडलेला म्हातारा, सगळे माझ्याच मागच्या सीटवर बसले. भीमजयंतीला तर माझा थाट विचारू नका. राजदीपने स्वतःच्या हाताने डिक्कीत मोठा स्पीकर बसवला, आणि निळ्या पताका लावून मी मिरवणुकीच्या पुढे चालले. मला जरा गर्वच झाला होता.

राजदीपचा धाकटा भाऊ रवी मला अगदी मन लावून धुवायचा. गाडी नेली की पेट्रोल टाकूनच परत करायची, हा त्याचा नेम. पावसाळ्यात एकदा तो पाहुण्यांना सोडून संध्याकाळी परतला, वाटेत पेट्रोल टाकलं आणि घरी येऊन किल्ली खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी राजदीपच्या मुलीला, वैष्णवीला, नर्सिंगच्या प्रवेशासाठी यवतमाळला पोचायचं होतं. दुपारच्या आत कागदपत्रं दाखवली नाहीत तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि अर्ध्या वाटेत, कपाशीच्या शेतांमध्ये, मी बंद पडले. टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा माझा पंप मुका झाला होता. पेट्रोल दाखवणारा काटा पार तळाला गेला होता.

अर्धी टाकी पेट्रोल होतं, मित्रांनो! पण मला तोंड नाही. मला फक्त एक काटा आहे, आणि तो खोटं बोलत होता. राजदीपने एका मोटारसायकलवाल्याकडून बाटलीभर पेट्रोल मागून ओतलं, रिकामी बाटली डिक्कीत फेकली आणि झाकण रागाने आपटलं. त्या धक्क्याने पंप सुरू झाला, काटाही जेमतेम हलला. झालं, रवीने पेट्रोल टाकलंच नव्हतं अशी सगळ्यांची खात्री पटली. यवतमाळला पोचेपर्यंत जागा गेली होती.

घरी आल्यावर राजदीपने रवीला अंगणातच गाठलं.

"तुह्यापायी पोरीचं वर्ष गेलं!"

"दादा, म्या पेट्रोल टाकलं होतं."

"मंग काटा काय खोटं बोलून राह्यला?"

वैष्णवी दारात रडत उभी होती. रवीने तिच्याकडे पाहिलं आणि तो मान खाली घालून बाहेर निघून गेला. त्याच आठवड्यात तो नेरला गेला आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. दिवाळीलाही आला नाही. माझ्या काचांवर धूळ बसत गेली, आणि मला ती शिक्षाच वाटायची.

पुढे काटा कधी वर जाई, कधी खाली. गाडी जुनी झाली म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी राजदीपने स्वतः टाकी भरली आणि मी चौकातच थांबले. काटा पुन्हा तळाला. राजदीपचा चेहरा उतरला. त्याने लखीराम मिस्त्रीला बोलावलं.

लखीरामने फ्यूज पाहिला, चांगला होता. पंपाला करंट सोडणारा रिले बदलून पाहिला, पंप तसाच. मग मागची सीट उचलून त्याने टेस्ट लॅम्पची एक तार बॉडीला आणि दुसरी पंपाच्या करंटच्या तारेला लावली. दिवा पेटला. पंपाच्या दोन्ही तारांना लावून पाहिला तर विझला.

"करंट येऊन राह्यला, राजदीपभाऊ, पण वापस जाऊन नाई राह्यला. अर्थिंग गेली. पंपाची अन् काट्याची एकच हाये, म्हणून दोघंही संगंच बिघडले."

अर्थिंगच्या काळ्या तारेचा माग काढत तो डिक्कीत पोचला. तिथल्या बोल्टवर अर्थिंगच्या तारेखाली आणखी एक तार दाबून बसवली होती. बोल्ट सैल, भोवती गंज.

"हे स्पीकरची तार इथं कोनं लावली?"

राजदीपने तो सैल बोल्ट बोटाने हलवून पाहिला. मग म्हणाला, "म्याच."

गंज घासला, बोल्ट आवळला. पंप गुणगुणला आणि काटा सरळ वर गेला. राजदीप वैष्णवीला घेऊन तसाच नेरला निघाला.

रवी जिनिंगच्या फाटकाशी आला. केसांत कापूस अडकलेला होता. राजदीप म्हणाला, "रवी, पेट्रोल होतं रे. तारच म्या चुकीची लावलती. माफ कर मले."

रवी म्हणाला, "खरंच होतं, दादा? मले त वाटाले लागलतं, म्याच टाकाचं इसरलो असन. रोज आठवून पायतो. पेट्रोल पंपावर गेलतो का नाई, आता आठवतच नाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांच्या तारा आणि बोल्ट वेळच्या वेळी बघत जा. आणि काटा खाली दिसला तर आधी टाकीत डोकावा, माणसाकडे बोट मग दाखवा. त्याला खुलासा करता येत नाही असं नाही. पण ऐकून घेतलं नाही तर तो स्वतःलाच चोर समजू लागतो.

वैष्णवीने काकाचा हात धरून त्याला माझ्या मागच्या सीटवर बसवलं. घाटंजीपर्यंत रवी पुढे वाकून सारखा काटा बघत होता. आता काटा खरं सांगत होता, पण रवीची ती नजर माझ्याने सहन होत नव्हती.