काटा खाली गेला

भर दुपारी हेडलाइट लावलेल्या एकोणीस गाड्या चढाच्या पायथ्याशी रांगेत उभ्या होत्या. वीस वर्षांच्या आतली एकही नव्हती. रांगेच्या तोंडाशी, टायरच्या गोदामापुढे, प्लास्टिकच्या खुर्चीत गारबाबा बसले होते. तापलेलं इंजिन नुसत्या हाताने गार करतात अशी त्यांची ख्याती होती. बॅटरी उतरलेल्या गाडीला मात्र ते हात लावत नसत. चमत्कारालाही आपापलं खातं असतं.

एकोणिसावी गाडी आमची होती. स्टिअरिंगवर दाजी, मागे माझी थोरली बहीण आणि तिच्या शेजारी मी. ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा चढ ओलांडून पलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला जायचं, तरच ती जगणार होती. आणि चढावर अर्ध्यात धुकं लागलं की गाडीच्या तापमानाचा काटा उडी मारून लाल खुणेवर जायचा. दाजी घाबरून गाडी बाजूला घ्यायचे, अर्धा तास थांबायचे, आणि तोवर मशीनवरचा ताईचा नंबर दुसऱ्याला जायचा. महिन्यात दोनदा असं झालं होतं. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने रेडिएटरचं झाकण. काटा आपल्या मर्जीने नाचतच होता.

मी सव्वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. पण राहतो दुसऱ्या गावी, आणि दाजींनी मला विचारलंच नव्हतं. घरच्या माणसाचं ज्ञान फुकट मिळतं, म्हणून ते हलकं वाटतं. ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याच सकाळी निघून आलो होतो.

बाबांचा नियम असा की रांगेत गाडीचे डोळे उघडे हवेत आणि श्वास चालू हवा. म्हणजे हेडलाइट लावलेले आणि आतला पंखा जोरात. आमची पाळी आली तेव्हा काटा लाल खुणेला टेकला होता. बाबा डोळे मिटून बोलू लागले. यंत्रालाही क्रोध येतो, तो डोळ्यांतून चढतो, पंचमहाभूतांपैकी अग्नी रुसला आहे, वगैरे.

"आता मिटव त्याचे डोळे," ते दाजींना म्हणाले. "श्वासही रोख."

दाजींनी दिवे बंद केले, पंखा बंद केला. बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि काटा सरळ मधल्या खुणेवर उतरला. मागून येऊन रांगेत लागलेले लोक काचेला नाक लावून बघत होते, त्यांनी हात जोडले. दाजींचे डोळे भरून आले.

"बघितलंस?" ताईने माझा हात घट्ट धरला.

बघितलं होतं. बाबांचा हात सगळ्यांनी बघितला, मी दाजींचा हात बघितला.

बाबा पाणी प्यायला आत गेले. मी पुढे वाकून दिवे लावले, पंखा लावला. काटा चढला. दोन्ही बंद केले, काटा उतरला. तीनदा करून दाखवलं आणि जमलेल्यांना समजावलं. दिवे, पंखा आणि हा काटा, तिघांचा करंट एकाच अर्थिंगच्या वायरीने परत जातो. जुन्या गाडीत ती गंजते. दिवे आणि पंखा लावले की तिच्यावर ताण येतो आणि काटा भलतंच दाखवतो. चढावरच्या धुक्यात दाजी हेच दोन्ही लावायचे. इंजिन तापलेलंच नसतं. ज्या गाडीची वायर धड असते तिचा काटा बाबांनाही हलवता येत नाही. अशांना श्रद्धा कमी पडली म्हणून परत पाठवतात.

बाबा बाहेर आले ते जराही न बिचकता. "कृपा एकदा गाडीत शिरली की कोणाच्याही हातून प्रकट होते, बाळ. तुझ्याही."

लोक खूश झाले. एका दूधवाल्या ड्रायव्हरने माझी पाठ थोपटली आणि हाताला गुण आल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. आणखी दोघे माझा हात आपल्या बॉनेटला लावून घ्यायला आले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी त्या दिवशी स्वतःच्या हाताने ओतलं.

घरी येऊन मी बॅटरीपासून नवी जाड वायर टाकली. काटा जागेवर बसला. रेडिएटरमधलं पाणी मात्र थोडं कमी दिसलं. कुठेतरी गळती आहे, पाइप तपासून घ्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात मी येऊन बघतो, असं दाजींना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गेलो तर माझी वायर डिकीत गुंडाळून ठेवलेली. तिने कृपा अडते, असं बाबांनी सांगितलं होतं. शिवाय एक खूणही दिली होती: काटा तळाला टेकला की माझी पूर्ण कृपा समज, मग कुठेही थांबू नकोस.

माझं डोकं फिरलं. "तुमची गाडी, तुमचा बाबा, मला बोलावू नका," असं म्हणून मी पाइप न बघताच निघालो. ताईने दारातून हाक मारली. मी ऐकली आणि चालत राहिलो. याची लाज मला आजही वाटते.

अकरा दिवसांनी चढावर काटा आधी वर गेला. दाजींनी सवयीने दिवे बंद केले. मग काटा खाली यायला लागला आणि थेट तळाला टेकला. दाजींनी स्टिअरिंगवरच हात जोडले आणि ताईला म्हणाले, आज नंबर चुकणार नाही. चार किलोमीटर पुढे एका वळणावर इंजिन जाम झालं. फोनला रेंज नव्हती. दोन तासांनी एका ट्रकवाल्याने घेतलं. आधीचीही खेप चुकलेली होती, ताईला श्वास लागला होता. हॉस्पिटलच्या फाटकातच तिने प्राण सोडला.

पाचव्या दिवशी मी गाडीचं बॉनेट उघडलं. खालचा पाइप उभा फाटला होता, पाण्याचा थेंब नव्हता. दाजी मागे येऊन उभे राहिले.

"काटा तळाला होता रे," ते म्हणाले. "मी स्वतः बघितला."

मी त्यांना इंजिनातला तापमान मोजणारा पितळी तुकडा काढून दाखवला. हा पाण्यात बुडलेला असतो, पाण्याची उष्णता मोजतो. पाणी वाहून गेलं की हा उघडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा गार दाखवू शकतो. पहिल्यांदा काटा वर गेला तो खरा होता. तेव्हा थांबून पाइप बांधला असता, पाणी भरलं असतं, तर गाडी पोहोचली असती.

दाजींनी तो तुकडा हातात घेतला. मग म्हणाले, "बाबा म्हणतात तिची वेळ भरली होती. तू म्हणतोस थांबलो असतो तर पोहोचलो असतो. तुझं खरं असेल तर तिला मी मारलं. आता मी कोणाचं खरं मानू, तूच सांग."

"तुम्ही एकट्याने नाही, दाजी," मी म्हणालो. "पाइप बघायचं मी कबूल केलं होतं."

ते घरात निघून गेले. ते कोणाचं खरं मानतात, मला माहीत नाही. गारबाबांची रांग आता गोदामाचा कोपरा वळून मागच्या रस्त्यापर्यंत जाते. मी दोनदा तिथे जाऊन बोललो, दोनदा हाकलला गेलो.

ज्यांच्या मागच्या सीटवर अजून कोणी बसून हॉस्पिटलात जातंय, त्यांना मी विनवतो: काटा एकाएकी तळाला गेला तर हात जोडू नका, गाडी थांबवा. इंजिन निवू द्या, मग झाकण उघडून पाणी आहे का बघा. आणि ज्याला खरं कळलंय, त्याने अपमान झाला तरी घर सोडून जाऊ नये. निदान काम पुरं होईपर्यंत तरी.