काळ्या मातीतला पाइप

शिरोळच्या घरात संडास तुंबला, की बायडाबाई सुनेवर तोंड टाकायच्या. "हिला माहेरी कुणी शिकिवलंच न्हाय. काय बी टाकती आत!"

संयोगिता सुरुवातीला म्हणायची, "आत्या, मी काय टाकत न्हाय." पुढं तिनं उत्तर देणंच सोडलं. गेल्या उन्हाळ्यात सासूनं पाहुण्यांसमोर पुन्हा तेच काढलं, तेव्हा ती नवऱ्याला घेऊन कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

ती गेल्यावरही संडास तुंबला. आता घरात बायडाबाई एकट्याच होत्या. त्यांनी हुसेन प्लंबरला बोलावलं. त्यानं अंगण खणलं, तर खाली बायडाबाईंच्या सासऱ्यांच्या काळातला भाजक्या मातीचा पाइप निघाला. सांधे सुटून आत चिखल भरला होता.

"काळी माती हाय, मावशी," हुसेन म्हणाला. "पावसात फुगती, उन्हात भेगाळती. जुना पाइप किती सोसंल?"

"म्हंजे कुणी काय टाकलं न्हवतं?"

"न्हाय की."

बायडाबाई खड्ड्याच्या कडेलाच बसल्या. तिथूनच त्यांनी सुनेला फोन लावला. "पोरी, पाइपच फुटका व्हता गं. चुकलं माझं. ये की घरी."

संयोगिता हळूच म्हणाली, "नवा पाइप टाकून घ्या, आत्या. आमचं आता हितंच बस्तान बसलंय."

हुसेननं वाळूच्या थरावर नवा पाइप बसवला आणि खड्डा बुजवला. संडास पुन्हा तुंबला नाही. दिवाळीला मुलगा आला, एकटाच.