खंड्याची घोंगडी

उत्तराने घोंगडी रिठ्याच्या पाण्यातून उचलली आणि न पिळता विहिरीजवळच्या गडग्यावर टाकली. लोकर पिळली की आटते, हे तिला माहेरीच शिकवलेलं. काळं पाणी दगडांवरून ओघळू लागलं. खंड्या जवळच बसून आपलं अंथरूण पुन्हा ओलं झालेलं बघत होता.

दर शनिवारी हे काम असे. आठ महिन्यांपूर्वी तिचा धाकटा दीर मधू वडिलांशी भांडून डोंबिवलीचं हे घर सोडून गेला, तेव्हा त्याचा हा कुत्रा मागे राहिला. मधूला कचेरीतली कायमची नोकरी सोडून फोटो काढायचे होते. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे. त्या दिवसापासून त्यांनी मुलाचं नाव घेतलं नव्हतं. कुत्र्याबद्दल तेवढं एकदा बोलले होते.

"मागच्या पडवीत राहू दे त्याला. पण घरात वास आला, तर गुणाजी गाडीवानाला शीळफाट्यापलीकडे सोडून यायला सांगेन."

म्हणून रिठे, म्हणून दिवसभर ऊन, काठीने झटकणं आणि घोंगडीखाली कडुनिंबाचा पाला. कुत्र्याचा वास राहत नसे. पण दिवाळीपासून दुसराच वास येऊ लागला होता. शनिवारी स्वच्छ वाळलेल्या घोंगडीला मंगळवारपर्यंत कापराचा वास लागे.

शेजारच्या मालनला तिने विचारलं, "तुम्ही काही टाकलंत का हो यावर?"

"मी कशाला टाकू?" मालनने कोपरा नाकाशी नेला, मग बोटं चोळून पाहिली. "कापूरच आहे. आणि तेलकट लागतंय."

कापूर घातलेलं तेल घरात एकच होतं. भाऊंच्या गुडघ्यांसाठी ती रोज संध्याकाळी ते कोमट करून देई. आपल्याच हाताचं लागत असेल, म्हणून ती शिकेकाईने हात धुवू लागली. तरी वास आला. कुत्र्याला हुसकावून लावायला भाऊच मुद्दाम तेल शिंपडत असतील का? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला.

"अगं, तू त्या घोंगडीचा वास घेत बसतेस?"

त्या बुधवारी दुपारी ती मालनकडे हळदीकुंकवाला निघाली आणि वाणासाठी पिशवी विसरली म्हणून मागच्या दाराने परत आली. पडवीत भाऊ घोंगडीवर बसले होते. पाठ भिंतीला, पाय लांब केलेले, धोतर गुडघ्यापर्यंत सरकलेलं. त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून खंड्या झोपला होता.

भाऊंनी उठायचा प्रयत्न केला. ते जमेना.

"याला जरा ताप वाटला मला," ते म्हणाले.

उत्तराने वाकून खंड्याच्या नाकाला हात लावला. नाक ओलं आणि गार होतं.

"हो, थोडा आहे," ती म्हणाली.

मग भाऊ म्हणाले, "त्याला कळवायला हवं. कुत्रं त्याचं आहे."

कुणाला, हे विचारायला तिचं तोंड उघडलं, पण ती तशीच आत गेली. कार्ड आणि टाक-दौत घेऊन ती उंबऱ्यावर बसली.

"काय लिहू?"

"खंड्या बरा आहे, म्हणून लिही."

आत्ताच तर ताप होता. तिने भाऊंकडे पाहिलं, मग मुकाट्याने लिहिलं. खाली बराच कागद कोरा राहिला. आणखी काही सांगतील म्हणून ती थांबली. मग तिने कार्ड उलटवलं आणि तिचा टाक अडला.

"पण पत्ता, मामंजी? मधुभावजींनी तर कुणालाच कळवलेला नाही."

भाऊंचा हात खंड्याच्या कानांमागून फिरत होता. तो न थांबवता, वर्गात शुद्धलेखन घालावं तशा आवाजात ते म्हणाले, "नवी पेठ, सोलापूर. तांबटाच्या दुकानावर, दुसरा मजला."

तिने लिहून घेतलं.

"जिन्यावर अंधार फार आहे," भाऊ म्हणाले. मग जरा थांबून, "ते लिहू नकोस."