सिक्वेन्सच्या वर कलर

पत्त्यात मला हरवणारा माणूस वाळूजला अजून यायचाय, असं मी गेल्या सोमवारपर्यंत छातीठोक सांगायचो. आजही सांगतो, फक्त आधी तीन पत्तीचं नाव घेतो. पोकरचं मला विचारू नका.

माझी मुलगी संस्कृती आठवीत आहे, शाळेच्या कबड्डी संघातून चढाई करते. शनिवारी गारखेड्याच्या मैदानावर तिचा जिल्ह्याचा सामना होता. येतो म्हणून मी शब्द दिला होता. आधीच्या दोन सामन्यांनाही असाच शब्द देऊन मी कंपनीत मशीनवर उभा राहिलो होतो. इकडे माझ्याच लाइनवरच्या विश्वजीतला त्याच शनिवारी मुलगी बघायला पैठणला जायचं होतं. सुपरवायझर म्हणाले, एकालाच सोडता येईल, तुमचं तुम्ही ठरवा. शहाण्या माणसानं आपली अडचण सांगितली असती. मी म्हणालो, "पत्त्यावर ठरवू."

विश्वजीत सव्वीस वर्षांचा, डिप्लोमावाला, तोंडानं गोड. म्हणाला, "तीन पत्तीत तुमच्यापुढं कोण टिकतंय, अजिनाथभाऊ? पोकर खेळता का?"

"पत्ते बावन्नच ना? मग काय बी खेळ."

पहिली पाळी सुटल्यावर बजाजनगरात कचरूच्या टपरीमागं बसलो. पैसे लावायचे नव्हते, म्हणून दोघांपुढं भुईमुगाच्या शेंगांचे ढीग. ज्याच्या शेंगा संपतील त्यानं शनिवारी कामावर यायचं. विश्वजीतनं खेळ सांगितला: दोन पत्ते हातात, पाच मधे उघडे, सातांतले चांगले पाच धरायचे. "अन् भाऊ, यात कशावर काय चढतं ते बी ऐकून घ्या..."

"आरं, तू चड्डीत व्हता तवापासून पिसतोय मी. वाट."

पहिला अर्धा तास मी त्याला नुसता लोळवला. पोराच्या हातात चांगलं पान आलं की कान लाल होतात, हे मी दुसऱ्याच डावात ओळखलं. त्याच्यापुढं निम्म्या शेंगा उरल्या. मग तो डाव आला. मधे बदाम सत्ती, बदाम अठ्ठी, किलवर नव्वी, बदाम राजा, इस्पिक दुर्री. माझ्या हातात दश्शी आणि गुलाम. सत्तीपासून गुलामापर्यंत सरळ सिक्वेन्स! त्याचे कान लालभडक झालेले. मधे तीन बदाम पडलेत म्हणजे याच्याकडं कलर आहे, पाची पानं बदामाची, हे मी तिथंच ताडलं. ताडण्यात माझी चूक नाही, आजही नाही. कलर असेल तर असू दे, म्हटलं. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला खातो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हणालो, "तुझ्या सगळ्या शेंगा लाव, तेवढ्याच माझ्या." त्यानं लावल्या. मी पत्ते उघडून ढिगावर हात टाकला.

"थांबा भाऊ. पोकरमधी कलर वर असतो, सिक्वेन्स खाली."

कचरूनं मोबाइलवर बघून तेच सांगितलं. ढीग उलटा फिरला आणि माझं डोकंही. चिडून खेळलो. पुढच्या तीन डावांत माझ्यापुढची जमीन दिसायला लागली.

विश्वजीत चांगल्या घरचा. लगेच म्हणाला, "भाऊ, तुम्हाला नियम ठाऊक नव्हता. जा तुम्ही शनिवारी."

"पत्त्यात गेलेलं अजिनाथ परत घेत नाय," मी म्हणालो. टपरीवरच्या चार जणांनी वाहवा केली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी हा किस्सा मी रंगवून सांगितला. कान कसे लाल झाले, मी कलर कसा ओळखला, शेवटी काय बाणेदार बोललो. बायको हसली. संस्कृती ताट पुढ्यात घेऊन ऐकत होती.

"लई भारी खेळलात, पप्पा. पण लावलं काय व्हतं?"

"शनिवारची सुट्टी."

"कुणाची?"

"माझीच की."

"तुमची कुठं व्हती? ती तर मला देऊन टाकली व्हती तुम्ही."

एवढं बोलून ती जेवायला लागली. रडली असती तर समजूत तरी काढली असती. हरल्याची लाज मला नव्हती, सगळे हरतात. दुसऱ्याची वस्तू डावावर लावली, याची लाज वाटली.

सकाळी कंपनीच्या बसमधे विश्वजीत दोन सीट पुढं बसला होता. मी मागून म्हणालो, "विश्वजीत, शनिवारी मला जायचंय."

"काय म्हणालात, भाऊ?" त्याला ऐकू गेलं होतं. लबाड आहे. पण त्याचा हक्कच होता.

मी उभा राहिलो. टपरीवरचे चारही जण बसमधे होते. "मी हरलो. नियमानं हरलो. तरी बी सुट्टी मागतोय. माझी पोरगी, संस्कृती, खेळतीय."

"मग काल का नाय घेतली?"

"काल मला वाटलं, माझी हाय."

विश्वजीतनं खिशातून मोबाइल काढला, घरी लावला आणि म्हणाला, "आई, पैठणकरांना रविवारचं सांग. व्हय, रविवारचं. शनिवारी नाय जमत, संस्कृतीची मॅच हाय."