अकरा सेकंदांतले नऊ जण

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्ध्यात माह्यं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं तवा गिऱ्हाइकं मले जपानी म्हणत. मागून म्हणत, तोंडावर कोणाची हिंमत नव्हती. एकानं एकदा केली तं मी त्याचं मेंबरकार्ड फाडून त्याच्या हातात देलं अन् म्हटलं, "जाय, दुसरीकडं ढिशुम-ढिशुम पाह्य."

आधी माह्यं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चौऱ्याऐंशी साली लोकाइले व्हिडिओचं येड लागलं, तवा मीही रेडिओ बाजूले सारले अन् कॅसेटा मांडल्या. लग्न असो, बारसं असो, लोक टीव्ही अन् व्हीसीआर भाड्यानं नेत, अख्खा मोहल्ला अंगणात बसून तीन-तीन पिक्चर पाहे. अशातच नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून आणलेल्या गठ्ठ्यात तो डबा निघाला. दोन कॅसेटचा. वरच्या चित्रात एक शिपाई गवतात बसलेला, बंदूक मांडीवर, गालफडं बसलेली. व्यापारी म्हणे, "ये नहीं चलेगी, भाई. लेकिन वापस मत लाना."

अन् नाईच चालली. कापसाच्या बाजारातले बंडूजी रविवारी मोठ्या हौसेनं घेऊन गेले अन् तासाभरात परत आले. "काऊन गा मधुकर, लढाईचं पिक्चर म्हणून देलं अन् यात तं सारे चालूनच राह्यले! हिरो कोणता तेच समजत नाई."

"हिरो नाईच आहे त्यात."

"मंग पिक्चर कायचं?" म्हणाले, अन् दुसऱ्याच पिक्चरची कॅसेट घेऊन गेले.

मले मात्र त्या पिक्चरनं पागल केलं. नाव लांबलचक जपानी, मले आजही नीट बोलता येत नाई. साडेतीन तासांचं, काळं-पांढरं. हरलेली पलटन जंगलातून परत निघाली आहे, बस, एवढीच स्टोरी. एक जण बुटाच्या कातड्याचा तुकडा चघळते, दुसरा त्याच्याकडं पाहत राह्यते, अन् कॅमेरा जागचा हलतच नाई. आपल्याकडं तिथं सारंगी वाजवली असती, आकाशात वीज कडकडवली असती. इथं काईच नाई, नुसतं पाणी टपकल्याचा आवाज. खाली इंग्रजी अक्षरं येत, ती मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. हरलेल्या माणसाइनं काढलेली लढाई वेगळीच दिसते, राजेहो. मंग मी नागपूरले जाऊन जाऊन तसल्या आणखी चार आणल्या. त्याइचं भाडं कधी आलं नाई, पण त्या कपाटात मी दुसऱ्या कोणत्या कॅसेटले जागाही देली नाई.

मंदा, माही बायको, एक दिवस ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या बाबाइले ज्याइनं नेलं, त्याइचेच पिक्चर पाहून राह्यले तुमी?" मी ताट सरकवून उठलो. पण बोलली ते खोटं नव्हतं.

माह्या बापाचं नाव तानबा. गाव तळेगाव, आष्टी तालुक्यातलं, श्यामजी पंताचं तळेगाव म्हणतात ते. एक्केचाळीस साली तो फौजेत गेला, लारी चालवायच्या पलटनीत, अन् तिथून सिंगापूरले. मी तवा मायच्या पोटात होतो. पुढच्या साली सिंगापूर जपान्याइच्या हाती गेलं अन् काही महिन्यानं घरी सरकारी कागद आला: बेपत्ता. मेला म्हणून नाई, जिता म्हणून नाई, बेपत्ता. माह्या मायले, रुख्माबाईले, तवा सोळावं लागलं होतं.

बारा वर्षं झाल्यावर भाऊबंद म्हणाले, आता गवताचा पुतळा करू, त्याले अग्नी देऊ, अन् बाई, तू कुंकू पुस. आपल्यात तशी रीत आहे, परतला नाई त्या माणसाची. माय म्हणाली, "कागदात मेले असं लिहिलं आहे का?" नव्हतं लिहिलं. विषय तिथंच मिटला, अन् मायचं कुंकू जसंच्या तसं राह्यलं. मले त्या गोष्टीचा लय अभिमान होता. गावात कोणी काई बोललं तं मी अंगावर धावून जाओ.

पण बापाचा एक फोटो नव्हता घरात. तवा तळेगावात फोटो काढतं कोण? आपल्या बापाचं तोंड कसं होतं, हे मले कागदावरही पाहायले भेटलं नाई. आजा गेला, आजी गेली, माहे काका पुंडलिकराव त्र्याऐंशीत गेले. ते तोंड पाह्यलेलं जवळचं माणूस आता एकच उरलं होतं. माय.

आता खरं सांगतो, मी त्या पिक्चरच्या मागं इतका काऊन लागलो होतो ते. दुसऱ्या कॅसेटमध्ये, तासाभरानं, पिक्चर काढणाऱ्यानं मधेच खऱ्या लढाईची जुनी फिल्म जोडली आहे. ओरखडे पडलेली, उड्या मारणारी. खाली इंग्रजीत येते: सिंगापूर, फेब्रुवारी १९४२. पकडलेले शिपाई रांगेनं चालले आहेत अन् कॅमेरा रस्त्याच्या कडेले उभा आहे. हिंदुस्थानी शिपाई. कोणाले फेटा, कोणी बोडका. अकरा सेकंद, मी घड्याळ लावून मोजले. त्यात नऊ तोंडं साफ दिसतात.

पह्यल्यांदा पाह्यलं तवा मी टेप लगेच मागं घेतली अन् पुन्हा लावली. तिथं हजारोनं कैदी होते, हे मले समजत नव्हतं का? मी काय येडा आहे? पण हजारोतले नऊ कोणीतरी होतेच ना. मंग त्यात माहा बाप काऊन नसन?

रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी ते अकरा सेकंद लावत होतो. एकेका तोंडावर पॉज करून डोळे फुटेस्तोवर पाहत होतो. कॅसेटच्या धंद्यातल्या माणसाले कोणी सांगावं लागत नाई की पॉज केल्यानं टेप जागच्या जागी घासते. गिऱ्हाइकाइले मी त्याच्यापायी शिव्या देत होतो, अन् मीच ते करून राह्यलो होतो. सहा महिन्यात तिथं पांढऱ्या रेघा आल्या. कॉपी काढून पाह्यली, तं कॉपीत तोंडंच ओळखू येईनात. मंग मले धास्ती बसली. टेप जायच्या आधी मायनं ती पाह्यलीच पाह्यजे. ती एकदा म्हणाली असती, "हे पाह्य, हे होते," तं मी पंचेचाळिसाव्या वर्षी बाप पाह्यला असता.

शहाऐंशीच्या माघात मी एसटीनं तळेगावले गेलो अन् मायले घेऊन आलो. गाडीत तिले सारं सांगतलं. तिनं दोनदा विचारलं, "तोंडं दिसतात?"

"साफ दिसतात."

मंग आर्वी आली, मी चहा आणला, तिनं घेतला नाई. गाडी लागली असन असं मले वाटलं.

आमचं घर नालवाडीले. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी दुकानातला चांगला व्हीसीआर घरी आणला, हेड स्पिरिटनं पुसून घेतलं. मायले म्हटलं पलंगावर बस, तं ती खालीच बसली, टीव्हीपासून हातभर दूर. मी थोडं आधीपासून लावलं. जपानी शिपाई चिखलातून जात होते. माय पाहत राह्यली अन् म्हणाली, "याइच्या बायकाइले आले असतीन का कागद?"

"आले असतीन."

"ते तरी नीट लिहिलेले असतीन."

मंग रांग आली. अकरा सेकंद. माय पुढं वाकली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो, टीव्हीकडं नाई.

"पुन्हा लाव," म्हणाली.

पुन्हा लावलं. एकेकावर पॉज केलं. फेटेवाला, दाढीवाला, बोडका. चित्र थरथर करून राह्यलं होतं, रेघा वर-खाली पळत होत्या. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा शेवटच्या दोन जणाइचे डोळेच रेघेखाली गेले. माह्या डोक्यात रक्त चढाले लागलं.

"माय, नीट पाह्य! टेप संपून राह्यली."

"पाहून राह्यली ना बाप्पा."

"मंग आहे का नाई त्यात?"

ती टीव्हीजवळ आणखी सरकली.

"अवं, आहे तं आहे म्हण, नाई तं नाई म्हण! एवढं काय त्यात?"

"मले समजत नाई."

"समजत नाई म्हणजे? नवरा होता तुहा!"

माय टीव्हीकडंच पाहत होती. हळू आवाजात म्हणाली, "मले त्याइचं तोंड आठवत नाई, मधुकर."

अन् मी बोललो. आजही आठवलं का जीभ हासडून टाकावी वाटते. मी म्हटलं, "मंग चव्वेचाळीस वर्षं कुंकू कोणाचं लावून राह्यली?"

"अवो!" मंदा दारातून ओरडली. पण बोलून तं गेलो होतो.

माय रडली नाई. ती रडली असती तं बरं झालं असतं. चटईची काडी उपटत म्हणाली, "आठ महिने होती मी त्याइच्याजवळ. चौदा वर्षांची पोर. सासरा ओसरीत, दीर अंगणात, पदर नाकापर्यंत. दिवसा मान वर केली असती तं सासूनं गावभर केलं असतं. अन् रात्री दिवा कोण लावू देते? भाकर वाढतानी हात दिसे त्याइचे. पाय दिसत. भरतीले गेले त्या दिवशी सारं गाव दारात, अन् मी कवाडामागं. टोपी दिसली नुसती. तोंड पाह्यलं होतं मी, नाई असं नाई, चोरून दोन-चारदा. पह्यले काही वर्षं आठवे. मंग गेलं. किती धरून ठेवलं तरी गेलं."

तिनं काडी बाजूले ठेवली अन् माह्याकडं पाह्यलं.

"तू लहानपणी विचारे, माय, बाबा कसे दिसत? मी सांगो, नाक असं होतं, कपाळ असं होतं. तुह्याच तोंडाकडं पाहून सांगो. कोणाले सांगीन मी का नवऱ्याचं तोंड विसरली म्हणून? बाई म्हणलं असतं का कोणी मले? अन् कुंकू पुसलं असतं तं माह्यापाशी राह्यलं काय असतं? तोंडही नाई अन् कुंकूही नाई."

मी चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, तिच्या पायावर डोकं ठेवलं अन् पोरासारखा रडलो. ती माह्या केसातून हात फिरवत राह्यली. मंग मनाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तुले बाप पाह्यजे ना? त्यातला एक घे तू. तुले वाटन तो. मी म्हणीन, हाच. आता नाई म्हणायले उरलं आहे कोण?"

"असं कसं, माय?"

"असंच. मले बी एक तोंड होईन."

मी डोळे पुसले. टेप मागं घेतली अन् रांग लावली. तिसरा जो होता, बोडका, सडपातळ, त्याच्यावर थांबवली. तो माह्यासारखा दिसत नव्हता, मुळीच नाई. बाकी सारे खाली पाहून राह्यले होते अन् तो एकटा समोर पाहत होता, म्हणून थांबवली.

"हे?" माय म्हणाली.

"हे."

तिनं जमिनीले हात टेकला अन् उठून उभी राह्यली. डोक्यावरचा पदर दोन्ही हातानं पुढं ओढला, नाकापर्यंत, अन् टीव्हीसमोर मान खाली घातली. मी अन् मंदा पाहतच राह्यलो.

"माय," मी म्हटलं, "आता कोणी नाई इथं. सासरा नाई, सासू नाई. आता तरी पाहून घे."

"हाव," ती म्हणाली. तिचा हात पदराच्या काठापर्यंत गेला, काठ थोडासा उचललाही तिनं. मंग हात खाली आला.

पॉज पाचेक मिनिटं टिकते, मंग मशीन आपोआप सोडून देते. सोडलं. चित्र हललं, तो तिसरा चालाले लागला, त्याच्यामागचे आले, रांग संपली.

"गेले का?" मायनं पदराआडून विचारलं.

"हाव, गेले."

मंग तिनं पदर मागं घेतला अन् मान वर केली.