खुनी शोधणारा नारळ

सूर्यभानच्या दारात सगळं गाव लोटलं होतं आणि सगळ्यांचे डोळे एका नारळावर खिळले होते. दत्ता पाणाड्याच्या तळहातावर तो आडवा पडला होता. दत्ताने हुंकार दिला, अंग थरथरवलं, डोळे मिटल्यासारखे केले. नारळ हळूच उठला आणि दाराकडे बघत ताठ उभा राहिला.

"खुनी हितंच ऱ्हातंय!" दत्ता गरजला. "मेलेल्या बायांचं सोनं बी ह्याच घरात सापडंल!"

सोनपेठच्या आसपास तीन बायकांचे गळे आवळून खून झाले होते. फौजदार सत्यशीला शेतंशिवारं पालथी घालून थकली होती. आणि हा दत्ता? परवापर्यंत बोअरला पाणी दाखवत फिरायचा. त्याने दाखवलेल्या जागी फुफाटाच जास्त निघाला, तरी त्याचा धंदा तेजीत होता. पाणी लागलं तर गुण दत्ताचा, नाही लागलं तर दोष मालकाच्या नशिबाचा! मग त्याचा नारळ एका बांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी उभा राहिला, ढिगाखाली तिसऱ्या बाईचं, शुभदाचं, प्रेत निघालं, आणि पाणाड्याचा महाराज झाला. सत्यशीलाचे साहेबसुद्धा बूट काढून त्याच्या पाया पडून आले. पोलिसांच्या कुत्र्याला जमलं नाही ते नारळाला जमलं, म्हणून साहेबांना केवढा आनंद!

सूर्यभान शेळ्या राखायचा, कुणात मिसळायचा नाही, एकटाच पुटपुटायचा. गावाला एवढा पुरावा रग्गड होता.

"भायेर काढा त्याला!" पप्पूने काठी आपटली. या पप्पूच्या बोअरलाही दत्तानेच जागा दाखवली होती आणि ती ठणठणीत कोरडी होती, पण भक्ती ओली होती.

सूर्यभानची म्हातारी आई, मालनबाई, दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. "माझ्या लेकराला मारू नका गं माय," एवढंच ती म्हणत होती.

सत्यशीला गर्दीतून पुढे आली. तिच्यासोबत दोनच शिपाई होते. एक दगड भिरकावला गेला असता तर सूर्यभान जिवंत हाती लागला नसता. तिने रागाचा घोट गिळला आणि चक्क हात जोडले.

"महाराज, देवाला अंधारात दिसतं ना?"

"देवाला समदं दिसतंय, बाई."

"मग तुमचे डोळे बांधून गावातून एक फेरी मारू. नारळ परत याच दारात उभा राहिला, की मी स्वतः सूर्यभानला बेड्या घालते."

दत्ता घुटमळला. पण भक्तांनीच "व्हय, व्हय!" केल्यावर बिचारा काय करणार? सत्यशीलाने त्याचे डोळे करकचून बांधले, त्याला गरगर फिरवलं आणि सगळ्यांना ओठ शिवायला सांगितले. नारळ सूर्यभानच्या दारावरून झोपूनच गेला. पिठाच्या गिरणीपाशी मात्र तो उठला. पुढे थेट सरपंचांच्या ओट्यासमोर असा ताठ झाला, की सरपंच घाम पुसत म्हणाले, "आवो, म्या तर त्या दिवशी परभणीला होतो!"

लोक हसले. सत्यशीलाने दत्ताची पट्टी सोडली, नारळ घेऊन आपल्या तळहातावर आडवा ठेवला. "हे बघा. बोटं जराशी वाकवायची, मनगट थोडं कलतं करायचं. आतलं पाणी एकीकडे येतं, तोल बदलतो आणि नारळ उठतो. हवं तिथं, हवं तेव्हा." नारळ दत्ताच्या नाकासमोर उभा राहिला. दत्ता मागे सरकला.

"घाबरू नका, हा पुरावा नाही. हा मीच उभा केलाय," ती म्हणाली. "पण एक सांगा. नारळाला काहीच कळत नाही, हे आता सगळ्यांनी पाहिलं. मग शुभदा कुठल्या ढिगाखाली आहे हे कुणाला कळलं होतं?"

हशा विरला.

"देवानं... देवानं सपनात सांगितलं."

"आणि डोळे बांधल्यावर देव अबोला धरतो? सोनं या घरात सापडेल, असंही तुम्हीच म्हणालात. घरात तर अजून कुणी पाऊल ठेवलेलं नाही. चला, दोन पंचांसमोर तुमची ही खांद्यावरची झोळी उघडू."

दत्ता पळायला वळला, तर भक्तांच्या गर्दीतच अडकला. झोळीत अंगाऱ्याच्या पुड्या होत्या. त्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं, शुभदाचं डोरलं होतं. सूर्यभानच्या घरात झडतीच्या गोंधळात ते टाकायचं, एवढंच काम उरलं होतं. पाणी दाखवायच्या निमित्ताने हा माणूस घरोघर फिरायचा, बाई कधी एकटी असते ते बघून ठेवायचा.

"हाणा रे ह्याला!" पप्पूची काठी पुन्हा वर गेली.

"खाली!" सत्यशीला ओरडली. ती दत्तासमोर तशीच आडवी उभी राहिली, जशी मालनबाई उभी होती. "मघाशी नारळाने सांगितलं म्हणून सूर्यभान, आता मी सांगते म्हणून दत्ता? डोकं तेवढं भाड्यानंच द्यायचं का? याचा निवाडा कोर्ट करेल. मलाही तिथं पुरावा द्यावा लागेल, आणि तो तुम्हीही मागायलाच हवा. बाबा असो, साहेब असो की मी, प्रत्येकाला एकच विचारा: तुला कसं कळलं?"

दत्ताला जीपमध्ये बसवलं. लोक पांगू लागले. पप्पू काठी पाठीमागे लपवत मोठ्याने म्हणाला, "मला तर पयल्यापासनं ठावं होतं, ह्यो दत्त्याच खुनी हाय!"

मालनबाईचे हात अजून चौकटीवरच होते. तिने मान वर केली.

"तुला कसं कळलं, रं?"