मैदानाकडे पाठ

विल्फ लेडलरला फुटबॉल सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहण्याचे पैसे मिळत, आणि त्यासाठी अट एकच होती: खेळ बघायचा नाही. पिवळं जाकीट चढवायचं, मैदानाकडे पाठ करायची आणि रिव्हर एंड या गोलमागच्या स्टँडमधल्या प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं. कोण कुंपणावर चढतोय, कोण बाटली भिरकावायच्या बेतात आहे, यावर नजर ठेवायची. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. एवढ्या काळात या मैदानावर झालेला एकही गोल त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता. गोल झाला हे समोरच्या तोंडांवरून कळायचं आणि कोणाचा झाला हेही. अलीकडे बहुतेक वेळा तो पाहुण्यांचा असायचा.

जाकिटाच्या पाठीवर ट्रेव्हर हॅडोचं नाव होतं. हॅडो म्हणजे स्वस्तातल्या बुटांचा आणि खेळाच्या कपड्यांचा राजा. बुडीत निघालेले नामांकित ब्रँड मातीमोलाने घ्यायचे आणि आपल्या दुकानांतून अर्ध्या किमतीच्या पाटीखाली विकायचे, असा त्याचा धंदा. त्याच्या गोदामांत पाळी सुटताना कामगारांची झडती होई. शौचालयात जरा जास्त वेळ गेला तर नावापुढे फुली पडे. यावरून खासदारांच्या एका समितीने त्याला जाब विचारायला बोलावलं, तेव्हा तो मळक्या कॅनव्हासच्या बुटांत गेला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत उत्तरांपेक्षा बुटांचीच चर्चा जास्त झाली. स्केलमाउथ टाउन हा क्लब त्याने विकत घेतला तेव्हा क्लबवरचं सगळं कर्ज एका फटक्यात फेडलं होतं. वर्षभर गावाने त्याला डोक्यावर घेतलं. मग त्याने बरे खेळाडू एकेक करून विकले, स्टेथ रोड मैदानाचं नाव हॅडो अरीना केलं आणि टीका करणाऱ्या बातमीदारांना दारातून परत पाठवलं. तरी सामन्याला तो हटकून यायचा. संघाचा शर्ट पोटावर ताणलेला, हातात बिअर. हजारो माणसं त्याच्या नावाने शिव्या घालत आणि तो लग्नघरात आल्यासारखा हसत असे.

विल्फ आठवडाभर त्याच्या गोदामात खोकी उचलायचा आणि शनिवारी त्याच्या मैदानावर उभा राहायचा. वयाची अठ्ठावन्न झाली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि दोन्हीकडचा पगार एकाच खिशातून येत होता. त्याचा मेव्हणा डंकन पर्व्हिस हा गावातला खाटीक आणि हॅडोविरुद्धच्या चळवळीचा पुढारी. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, एकाच चेंडूने काचा फोडलेले. डंकन चारचौघांत म्हणायचा, "हॅडोचा एक माणूस आमच्याही घरात आहे. बहिणीने पाळलाय." सगळे हसत, विल्फही हसे. घरी आल्यावर मात्र तो खिडकीशी, दाराशी, पुन्हा खिडकीशी घिरट्या घालत राही. ज्या दिवशी हे ऐकून कोणी हसणार नाही, त्या दिवशी आपण या गावात एकटे पडू, एवढं त्याला कळत होतं.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी चळवळीने ठरवलं होतं की उत्तरार्ध सुरू झाला की अख्ख्या रिव्हर एंडने उठून मैदानाकडे पाठ करायची आणि शिट्टी वाजेपर्यंत वळायचं नाही. डंकनने हे विल्फला आधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पाच हजार माणसं उठून एकदम वळली तेव्हा तो गोंधळला. त्याला शिकवलं होतं हात आणि चेहरे बघायला. आता समोर नुसते कोट आणि टकलं. डंकन तिसऱ्या रांगेत होता, शेजारी त्याची म्हातारी आई काठी टेकून उभी. कोणी ओरडत नव्हतं. विल्फने जाकिटाची चेन वर केली, खाली केली. या पायावरून त्या पायावर भार टाकला. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मागून चेंडूला लागलेल्या लाथेचा आवाज येत होता.

तो वळला.

कीलन रेन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, याच गावातल्या बंदरामागच्या चाळीतला, चेंडू घेऊन दोघांना चुकवत आत शिरत होता. त्याने मारलेला फटका खांबाच्या आतल्या बाजूला लागून जाळीत गेला. विल्फचे दोन्ही हात वर गेले आणि तोंडातून काय निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बाकीच्या तीन बाजूंनी गर्जना उठली. रिव्हर एंडमधलं एक डोकंही वळलं नाही. क्लबच्या छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण टिपला.

सोमवारी तो फोटो हाय स्ट्रीटवरच्या हॅडोच्या दुकानात पुरुषभर उंचीचा होऊन लागला. मागे पाठींची भिंत, पुढे हात उंचावलेला विल्फ, खाली ओळ: 'काही जण अजून खेळ बघतात.'

विल्फ कामावर जाताना तो रस्ता टाळायला लागला, म्हणजे बसच्या दोन थांब्यांइतका वळसा. गोदामात पोरं त्याला 'पोस्टर' म्हणायला लागली. शुक्रवारी कामगारांच्या क्लबात बिअर प्यायला तो नेहमीच्या टेबलाशी गेला तेव्हा कोणी खुर्ची सरकवली नाही, पण ऊठ असंही कोणी म्हटलं नाही. बराच वेळ गप्पा कुत्र्यांच्या शर्यतीवर चालल्या. शेवटी विल्फच म्हणाला की माझ्या लक्षातच आलं नाही.

"काय लक्षात आलं नाही?" डंकनने विचारलं. "हात तुझेच होते ना?"

"अरे, गोल झाला. मी बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"माझ्या आईने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गोल बघितला नाही. ती बाई काठीवर उभी राहिली, वळली नाही. आणि तू नाचतोस."

"नाचलो नाही."

"खिडकीत नाचतोयस. जा, बघून ये."

कोणी हसलं नाही. विल्फने अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि कोट उचलला.

बायकोला, ग्लेनिसला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. नवरा एकीकडे, भाऊ दुसरीकडे, आणि आईचा रोज फोन. ती म्हणाली की आई त्याच्यावर रागावलेली नाही, पण त्याचं नावही काढत नाही. विल्फ स्वयंपाकघरात फेऱ्या मारत राहिला तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. "एका जागी बस किंवा बाहेर जा. तू असा फिरलास की मला वाटतं गाडी सुटतेय."

पुढच्या गुरुवारी हॅडोने त्याला मैदानावरच्या कचेरीत बोलावलं. सगळे आपापली जाकिटं घरी धुऊन आणत, म्हणून विल्फने आपलं धुतलेलं जाकीट पिशवीत घालून बरोबर घेतलं. बोलावणं कशासाठी ते माहीत नव्हतं. काढून टाकणार असतील तर जाकीट परत द्यावं लागेल, असा त्याचा हिशेब.

हॅडो टेबलामागे कागदातला सॉसेज रोल खात बसला होता. "बस, विल्फ. मला ट्रेव्हर म्हण, सगळे म्हणतात. तोंडावर तरी." त्याने कागद पुढे केला. "घे. तुझ्या मेव्हण्याच्या दुकानातला आहे. माणूस पाठवून आणवतो. त्याला सांगू नकोस हं, नाहीतर भाव वाढवेल."

विल्फने घेतला नाही. हॅडो खात खात बोलत राहिला. मैदानावरच्या सगळ्या पिवळ्या जाकिटांचा प्रमुख यंदा निवृत्त होतोय. ती जागा वर्षभराची, पक्क्या पगाराची. गोदाम बंद, खोकी बंद. छताखालच्या काचेच्या खोलीत बसायचं, समोर कॅमेऱ्यांचे पडदे. आणि तिथून, हॅडो म्हणाला, पूर्ण मैदान दिसतं.

विल्फच्या डोळ्यांसमोर ती खोली आली, खुर्चीसकट. त्याला स्वतःचाच राग आला.

"तो फोटो काढा, साहेब," तो म्हणाला.

"का? छान आलायस."

"मी तुमच्यासाठी ओरडलो नव्हतो."

"मला माहीत आहे. पोरगा गोल मारतो, माणूस ओरडतो. मी काही खुळा नाही." हॅडोने शर्टावरचे कण झटकले. "पण खिडकीत एवढं सगळं लिहायला जागा नसते. जाकीट माझं, मैदान माझं, छायाचित्रकार माझा. तू जागा घे, नाहीतर नको घेऊ, फोटो राहील. तुझ्या लोकांना एक विचार. क्लबचं कर्ज कोणी फेडलं? माझ्याविरुद्ध चादरी रंगवून आणतात, त्यावर हे कोणी लिहिलं का कधी?"

हे खोटं नव्हतं. क्लबचं दार बंद व्हायच्या बेतात होतं तेव्हा गावात पैसा काढणारा दुसरा कोणी नव्हता, हे विल्फला आठवत होतं. डंकनलाही आठवत असणार. पण फोटोत जो माणूस हात वर करून उभा होता तो हॅडोचा पगारी होता, आणि तो पगारी आहे तोपर्यंत ती ओळ खरी होती. एवढंच त्याच्या हातात होतं. त्याने पिशवीतून जाकीट काढलं, टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की शनिवारी दुसरा माणूस बघा.

हॅडो चिडला नाही. त्याने जाकीट उलगडून पाहिलं. "धुतलंयस. सगळे धूत नाहीत." मग म्हणाला, "गुडघ्यांचा विचार कर. खुर्ची अजून रिकामीच आहे."

विल्फ जिना उतरला तेव्हा खरंच गुडघ्यांचाच विचार करत होता.

तीन दिवसांत खिडकीतला फोटो उतरला. नोकरी सोडून गेलेला माणूस जाहिरातीला चालत नाही, हे हॅडोला कोणी सांगायची गरज पडली नाही. त्या जागी पांढरे बूट आले, अर्ध्या किमतीत. गोदामातून विल्फला कोणी काढलं नाही. दर रविवारी पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा निरोप फोनवर यायचा, तो यायचा थांबला. पहिल्या रविवारी त्याने फोन बंद करून चालू करून पाहिला. दुसऱ्या रविवारी ग्लेनिसने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि कपाटावर ठेवला. ती म्हणाली, चल, आता गुडघ्यांना घरबसल्या विश्रांती. डंकनकडून निरोप नव्हता. ग्लेनिसने त्याला सगळं सांगितलं असणार, पण विल्फने विचारलं नाही.

मोसमातला शेवटचा घरचा सामना आला. या वेळी चळवळीने ठरवलं होतं की आत जायचंच नाही. तिकिटं कोणी घ्यायची नाहीत, सगळ्यांनी फाटकाबाहेर, स्टेथ रोडवर उभं राहायचं, खिशातले फोन बाहेर काढायचे नाहीत. विल्फ घरात थांबू शकला नाही. अकरा वर्षांनी पहिल्यांदाच त्याला तिकीट काढून आत जायला कोणाची आडकाठी नव्हती, आणि आत जाता येत नव्हतं. ग्लेनिसने स्टॉटी नावाच्या चपट्या गोल पावात हॅम आणि वाटाण्याचं घट्ट वरण भरून दिलं. एक त्याला, एक भावाला.

रस्त्यावर हजारभर माणसं होती. विल्फ कडेला जाऊन सवयीने गर्दीकडे तोंड करून उभा राहिला. कोणीतरी हाक मारली, "विल्फ, इकडे ये, आमच्यात मिसळ. आज तुला तसं उभं राहायचे कोणी पैसे देत नाही." या वेळी हसणं झालं, आणि विल्फ गर्दीत शिरला. डंकनजवळ पोचला तेव्हा त्याने पावाची पुडी पुढे केली. डंकनने ती घेतली. "वरण जास्त घालते ती नेहमी," एवढंच म्हणाला.

खेळ सुरू झाल्याची शिट्टी ऐकू आली. मग नुसता भिंतीपलीकडचा आवाज, वर चढणारा, विरणारा. घोषणा द्यायच्या ठरल्या होत्या, पण प्रत्येक घोषणा मध्येच तुटत होती, कारण सगळ्यांचे कान आत होते. एकदा मोठी गर्जना झाली आणि हजारभर माणसं गप्प झाली. कोणाचा? कोणी मारला? भिंत काही सांगत नव्हती. एका पोरीचा हात खिशाकडे गेला आणि चार जणांनी तिच्याकडे पाहिलं. विल्फला उभं राहवेना. तो दोन पावलं पुढे गेला, दोन मागे आला.

डंकन चावणं थांबवून भिंतीकडे बघत होता. बऱ्याच वेळाने, तोंड न वळवता, त्याने विचारलं, "तो गोल कसा होता?"

"कुठला?"

"कुठला म्हणजे? रेनचा. आम्ही सगळे पाठ करून होतो ना. नंतर टीव्हीवरही बघितला नाही मी. बघायचाच नाही म्हटलं, तर नाही."

आजूबाजूच्या दोघातिघांनी मान वळवली. मग विल्फने हातातला पाव बरणीच्या झाकणासारखा आडवा धरला, हे मैदान, इथे बचावफळी, आणि बोटाने दाखवलं. "इथून आत आला. पहिल्याला असा चुकवला. दुसरा आडवा पडला, त्याच्यावरून. आणि मग डाव्या पायाने."

"डाव्या?" डंकन वळला. "तो पोरगा उजव्या पायाचा आहे."

"डाव्या पायाने मारला."

"अरे, मी त्याला शाळेपासून बघतोय. डावा पाय त्याचा नुसता उभं राहायला आहे."

"मी बघितलाय, डंकन. खांबाला लागून आत."

"कुठल्या खांबाला?"

"लांबच्या."

"मग डावा असूच शकत नाही," डंकन म्हणाला आणि पाव ओढून स्वतःच्या हातात घेतला. "थांब. तू कुठे उभा होतास? इथे? बरं. आता पुन्हा पहिल्यापासून सांग."